मासोपवासिनी राणी आणि आमची चौथ

माझ्या माहेरी संवत्सरी पंचमीला, सासरी चौथीला. माहेर जुन्नरकडचे, स्थानकवासी. सासर इथले, उंबरमाळीचे, देरावासी. लग्न ठरवताना दोन्हीकडच्या मोठ्यांनी सोन्याचा विचार केला, पंगतीचा केला, वऱ्हाड माळशेजवरून येईल की पुण्यावरून याचाही केला. भाद्रपदातल्या या एका दिवसाचा मात्र कोणी केला नाही.

पहिल्या वर्षी मी चौथीला उपवास केला. आळीत गणपती येत होते, शेजारून मोदकांचा वास येत होता. संध्याकाळी प्रतिक्रमण झाल्यावर वडिलांना फोन लावला आणि मिच्छामि दुक्कडं म्हटले. ते म्हणाले, "बाळा, माझी संवत्सरी उद्या. पण तुझं मी आजच घेतलं." दुसऱ्या दिवशी मी सकाळी पारणे केले तेव्हा तिकडे त्यांचा उपवास चालू होता. रात्री त्यांचा फोन आला. पुढे दर वर्षी असेच दोन फोन व्हायचे, चौथीला माझा आणि पंचमीला त्यांचा. ते गेल्यापासून पंचमीची रात्र फार मोठी वाटते.

हा एक दिवस का पुढे-मागे झाला, याचे उत्तर सासूबाईंकडे तयार असते. "कालकाचार्यांनी बदलला, पैठणच्या सातवाहन राजासाठी." हेच मी एकदा वडिलांना सांगितले तर ते हसले आणि म्हणाले, "राजासाठी तिथी बदलते होय?" तेव्हापासून हा सातवाहन राजा आमच्या घरातला माणूस झाला आहे. कोणाला तो आवडतो, कोणाला नाही.

गेल्या पर्युषणात आमच्या महिला मंडळात मला दहा मिनिटे बोलायला सांगितले होते. त्याच्या आदल्याच दिवशी मोबाइलवर एक संदेश फिरत आला. त्यात म्हटले होते की नाणेघाटातल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखात सातवाहन राणी नागनिका हिने मासखमण केल्याचे कोरलेले आहे, म्हणजे महाराष्ट्राची पहिली मोठी राणी जैन श्राविका होती. मला आनंद झाला. पैठणचा राजा, चौथीची तिथी आणि आता ही तपस्वी राणी, सगळे एका माळेत बसत होते. मी मंडळात छातीठोकपणे सांगून टाकले. टाळ्या पडल्या. ज्या सासूबाईंनी तरुणपणी स्वतः मासखमण केले आहे त्यांच्याकडे सगळ्यांनी वळून पाहिले.

त्यामुळे पौषात एका दिवसाच्या सहलीची जाहिरात आली, 'प्राचीन अवशेष आणि ज्वालामुखी', आणि ठिकाण नाणेघाट दिसले, तेव्हा मी सगळ्यांत आधी नावे दिली. नाणेघाटाला लोक पावसाळ्यात जातात, वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा पाहायला. आपल्याला चातुर्मासात हिरव्यावर पाय ठेवत डोंगर चढणे नको वाटते, म्हणून पौष माझ्या सोयीचा होता. गवत वाळलेले, पायवाट कोरडी, किडामुंगी कमी. उकळलेल्या पाण्याच्या चार बाटल्या, खाखरे, मेथीच्या पुऱ्या, भाजलेले चणे आणि गूळ असे घेऊन आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. मी, हे, आणि आठवीतली मुलगी. तिला राणीचे काही पडलेले नव्हते. तिला ज्वालामुखी पाहायचा होता.

उंबरमाळी म्हणजे खर्डी आणि कसारा यांच्यामधले छोटे स्टेशन. आमच्या डोळ्यांसमोर रोज दिसतो तो कसाऱ्याचा घाट, म्हणजे जुना थळघाट, नाशिककडे चढणारा. नाणेघाट आमच्या दक्षिणेला. हमरस्त्याने शहापूर, तिथून किन्हवलीवरून सरळगाव, मग टोकावडे, वैशाखरे. टोकावड्याला नवकारसी झाली. वैशाखऱ्याच्या पुढे रस्त्यावरूनच सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते आणि तिच्यात एक खाच दिसते. खाचेच्या बाजूला अंगठा वर केल्यासारखा कडा आहे, नानाचा अंगठा. सरळ वरच्या त्या खाचेतून माणसे आणि बैल दोन हजार वर्षे ये-जा करत होते. आमचा वाटाड्या मुरबाडकडचाच एक तरुण, अंगाने काटक आणि बोलायला मोकळा. त्याने सगळ्यांना खाली बसवले आणि म्हणाला, "ज्वालामुखी कोणाकोणाला बघायचाय?" सगळ्या पोरांनी हात वर केले. "मग बघा. तुम्ही त्याच्यावरच बसलाय."

मुलीचे तोंड पडले. तिला वर खड्डा, धूर, निदान काळी राख तरी अपेक्षित होती. वाटाड्याने तिला समजावले ते मी लिहून घेतले, आणि घरी येऊन शाळेच्या पुस्तकांशी ताडूनही पाहिले. आपला सह्याद्री हा एका शंकूसारख्या पर्वताने ओकलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा बाहेर येऊन पसरत गेला. एक थर आला, थंड झाला, कधी कधी त्यावर माती धरण्याइतका काळ गेला, मग दुसरा थर. असे थरावर थर. आज हा खडक महाराष्ट्रात आणि आजूबाजूला मिळून सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि घाटमाथ्याच्या पट्ट्यात त्याची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. तेव्हा भारताचा तुकडाही इथे नव्हता. तो पुष्कळ दक्षिणेला होता आणि सरकत सरकत उत्तरेला येत होता. म्हणून ज्वालामुखीचे तोंड शोधायचे तर एका डोंगरात सापडत नाही. भेगांत गोठून राहिलेला लाव्हा मात्र शहापूर-मुरबाडच्या रानात ठिकठिकाणी काळ्या भिंतीसारखा दिसतो. त्याला डाइक म्हणतात. आम्ही लहानपणापासून ज्याला राक्षसाची भिंत म्हणत आलो ती हीच असावी, असे ह्यांचे म्हणणे पडले.

या खडकाच्या नावात 'ट्रॅप' हा शब्द आहे, तो स्वीडिश भाषेतल्या पायरीसाठीच्या शब्दावरून आला. चढायला लागल्यावर त्याचा अर्थ गुडघ्यांना कळतो. रानातून तासभर बरे जाते, मग एकदम कडा, मग थोडी सपाटी, मग पुन्हा कडा. कठीण थर उभा राहतो, मऊ थर झिजतो. एका ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मधे विटेच्या रंगाची लाल पट्टी होती. वाटाड्या म्हणाला की ही दोन उद्रेकांमधल्या शांत काळातली माती, वरच्या लाव्ह्याने भाजून निघालेली. मुलीने तिथे हात ठेवला आणि म्हणाली, "मम्मी, गरम नाहीये." सहा कोटी वर्षांनी गरम कशी असेल. पण मलाही हात लावून पाहावेसे वाटले, खोटे कशाला बोलू.

आमच्याकडे पृथ्वीकाय जीव मानतात, म्हणजे दगड-माती हेही एकेंद्रिय जीवांचे शरीर. इरियावहियंमध्ये आपण त्यांचीही क्षमा मागतो. अग्नीचे जीव वेगळे, तेउकाय. मग वाहता लाव्हा कोणता, पृथ्वी की अग्नी? मी हा प्रश्न ह्यांना विचारला. हे म्हणाले, "महाराजसाहेबांना विचार, मला दम लागलाय." राहिला काळाचा प्रश्न. सहलीतले लोक कोटी कोटी ऐकून चकित होत होते. पल्योपम आणि सागरोपम लहानपणी पाठ केलेल्या माणसाला ६.६ कोटी वर्षांनी भोवळ येत नाही.

शेवटच्या टप्प्यात वाट नळीत शिरते. दोन्ही बाजूंना उभा कातळ आणि मधून पायऱ्या, काही खोदलेल्या, काही दगड बसवून केलेल्या. पाण्याची टाकी आहेत. या एका वाटेने कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तकात कल्याणचे नाव येते आणि तिथल्या सत्तेसंदर्भात सातवाहनांच्या राजाचेही. घाटाच्या माथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, म्हणून नाणेघाट, असे सांगतात. लेखात तसे काही नाही, पण रांजण आहे आणि घाटावर जकात असणारच, तेव्हा लोकांनी जोडले ते फार चुकीचे नसेल. माझे आजोळही व्यापारी. दोन्ही तीरांना घरे असलेल्या माणसांना घाट चढायचे पैसे द्यावेच लागतात, हे मला लग्नानंतर चांगलेच कळले आहे.

नळीच्या तोंडाशी गुहा आहे. विहार नाही, चैत्य नाही, एक चौकोनी खोली, तीन बाजूंना बाकासारखा कट्टा. आत सावली गार होती आणि आम्ही सगळे पहिल्यांदा नुसते टेकलो. मग वाटाड्याने भिंतीकडे बोट केले आणि मला दिसले की आपण अक्षरांना पाठ लावून बसलो आहोत. मी उठून उभी राहिले.

डाव्या भिंतीवर दहा ओळी, उजव्या भिंतीवर दहा. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. अक्षरे मोठी, पण मधे मधे कातळाचे पापुद्रे गेले आहेत आणि त्यांच्याबरोबर शब्दही. हा लेख १८२८ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस आला. पुढे जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथे काम केले आणि जर्मन पंडित ब्यूलर यांनी तो नीट वाचून छापला. लेखाचा काळ साधारण इ.स.पू. पहिले शतक धरतात, काही विद्वान त्याच्याही मागे नेतात. यात दोन, चार, सहा, सात, नऊ असे आकडे आहेत आणि आपण आज लिहितो त्या अंकांच्या पूर्वजांपैकी ते फार जुने. मुलीला इथे पहिल्यांदा रस वाटला. गणिताचे पुस्तक कुठून सुरू झाले ते तिने बोटाने हवेत गिरवून पाहिले.

समोरच्या भिंतीवर एके काळी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, वर कोरलेली नावे राहिली. घराण्याचा मूळपुरुष राजा सिमुक सातवाहन. मग देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी. मग राजकुमार, आणि महारठी त्रणकयिरो. वाटाड्याने मधल्या जोडनावाकडे लक्ष वेधले. तिथे राणीचे नाव आधी आहे, राजाचे नंतर. सहलीतल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिले.

आणि मग तो लेखाचा आशय सांगायला लागला. सुरुवातीला नमस्कार आहेत. मी कान टवकारले. धर्माला नमस्कार, इंद्राला नमस्कार, संकर्षण आणि वासुदेव यांना, चंद्र-सूर्याला, आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना. मी वाट पाहत राहिले. अरिहंतांचे नाव आले नाही.

पुढे राणी येते. पतीच्या माघारी ती मुलांची आई म्हणून राज्य सांभाळते असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिच्यासाठी जे शब्द वापरले आहेत त्यांत 'मासोपवासिनी' हा शब्द खरोखर आहे. संदेश तेवढ्यापुरता खोटा नव्हता. महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी. 'गहतापसा' असा शब्द आहे, गृहतापसी. हा शब्द ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर किती बायका आल्या. ज्यांनी दीक्षा घेतली नाही, संसार सोडला नाही, पण पहाटे सामायिक आणि दिवसभर चूल आणि वर्षातून एक अठाई, अशा. आमची माझी आजीच ती. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी अशा बाईसाठी एक शब्द केला आणि दगडात कोरला.

पण त्याच वाक्यात पुढे ती यज्ञांत निष्णात असल्याचेही म्हटले आहे. आणि मग पुढच्या ओळीमागून ओळी यज्ञांच्याच. राजसूय. अश्वमेध, एकदा नव्हे, दोनदा. आणि इतर कितीतरी, ज्यांची नावे मला लिहूनही घेता आली नाहीत. प्रत्येकाबरोबर दक्षिणा: हजारांच्या हिशोबात गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी. वरचे ते सुंदर जुने आकडे यासाठीच आले आहेत. गाई मोजायला.

अश्वमेधात घोड्याचे शेवटी काय होते हे आपल्याला माहीत आहे. मी कट्ट्याजवळ उभी होते आणि मंडळातल्या टाळ्या मला आठवत होत्या.

कोणी म्हणेल, यज्ञ राजाने केले असतील, तप राणीचे. मीही दोन मिनिटे तसेच करून पाहिले. पण लेख तसे वाटून देत नाही. एकाच बाईने महिन्याचा उपवास केला आणि त्याच बाईने यज्ञांचा अभिमान भिंतीवर कोरून ठेवला. तिला त्यात काही विसंगत वाटले नाही. मासोपवास हे व्रत वैदिक आणि पौराणिक परंपरेतही आहेच, ते काही आपले एकटीचे नाही. उपाशी राहणारी प्रत्येक बाई श्राविका, असे म्हणणे म्हणजे आळीतल्या हरतालिकेच्या सगळ्या बायकांना आपल्या खात्यात लिहून टाकण्यासारखे आहे. त्यांना विचारले तर त्या काय म्हणतील!

जैन राजाचा त्या काळचा लेख कसा असतो हे पाहायचे तर तेही उपलब्ध आहे. ओडिशात भुवनेश्वरजवळ उदयगिरीला कलिंगाच्या खारवेल राजाचा लेख आहे. तो अरिहंतांना आणि सिद्धांना नमस्कार करूनच सुरू होतो. गंमत म्हणजे त्याच लेखात सातकर्णीचे नाव येते. खारवेल म्हणतो की आपल्या राज्याच्या दुसऱ्या वर्षी सातकर्णीची पर्वा न करता आपण पश्चिमेकडे सैन्य पाठवले. म्हणजे एक जैन राजा सातकर्णीला ओळखतो तो प्रतिस्पर्धी म्हणून, साधर्मिक म्हणून नव्हे. हा लेख वाचण्यातही भगवानलाल इंद्रजींचा मोठा हात होता. आणि आपल्या जवळचे हवे असेल तर मावळातल्या पाले येथे, कामशेतच्या बाजूला, एका लहान लेण्यात अरहंतांना नमस्कार करणारा छोटा ब्राह्मी लेख आहे. तो महाराष्ट्रातला फार जुना जैन लेख मानला जातो. तो कोण्या राणीने कोरलेला नाही. इंदरखित नावाच्या एका भदंताने लेणे आणि पाण्याची पोढी करवली, एवढेच त्यात आहे. पाण्याची सोय केली, हे मला सगळ्यांत आवडले.

जेवणासाठी आम्ही माथ्यावर, घाटघरच्या बाजूच्या सपाटीवर बसलो. समोर जीवधन किल्ला. पलीकडे तीसेक किलोमीटरवर जुन्नर. तिथल्या मानमोडी डोंगरात अंबा-अंबिका लेणी आहेत, मूळची बौद्ध, पुढे तिथे जैनांनी अंबिकेची आणि क्षेत्रपालाची मूर्ती कोरली. लहानपणी वडील आम्हाला तिथे घेऊन जात. स्थानकवासी असून मूर्ती दाखवायला नेत, आणि वर सांगत, "बघायला काय हरकत आहे, नमस्कार करायलाच पाहिजे असं नाही." मी पुऱ्या वाढल्या आणि त्या दिशेला तोंड करून बसले.

मग त्यांचाच प्रश्न पुन्हा डोक्यात आला. राजासाठी तिथी बदलते होय?

कालकाचार्यांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे, पण ती नेमकी काय आहे ते इथे सांगते, कारण घाटात बसून ती मला वेगळी दिसली. सातव्या शतकाच्या सुमाराच्या निशीथचूर्णीत ती आहे, पुढे कल्पसूत्राबरोबरच्या चित्रांच्या पोथ्यांतही आचार्यांची चरित्रकथा रंगवलेली असते. आचार्य पैठणला येतात. सातवाहन राजा श्रावक आहे, थाटाने स्वागत करतो. पर्युषण भाद्रपद शुद्ध पंचमीला आहे असे आचार्य सांगतात. राजा म्हणतो, त्या दिवशी माझ्या नगरात इंद्राचा उत्सव असतो, लोकांबरोबर मला तिथे राहावे लागते, मग चैत्य आणि साधूंची सेवा कशी होईल? षष्ठीला करू. आचार्य म्हणतात, ती रात्र ओलांडता येत नाही. कल्पसूत्राचा नियमच आहे, पावसाळ्याचा एक महिना वीस दिवस झाल्यावर पर्युषण, त्याआधी चालेल, त्यानंतर नाही. मग राजा म्हणतो, तर चौथीला करा. आणि आचार्य हो म्हणतात.

आता हे नाणेघाटाच्या लेखाशेजारी ठेवून पाहा. धर्मानंतर पहिला नमस्कार कोणाला? इंद्राला. चार लोकपालांतला वासव तोही इंद्रच. कथेतला राजा ज्या उत्सवाला टाळू शकत नाही तो कोणाचा? इंद्राचा. मी पुरावा सापडला म्हणून उडी मारणार नाही, एकदा मारून झाली आहे. कथा लिहिली गेली ती लेखाच्या पुष्कळ शतकांनंतर. काही परंपरा तर चौथीचा हा बदल वीर निर्वाण ९९३ मध्ये ठेवतात, म्हणजे इ.स. ४६६ च्या सुमारास. तेव्हा पैठणला सातवाहन राज्य करत नव्हते, ते घराणे तिसऱ्या शतकातच संपले. शिवाय कालक नावाचे एकाहून अधिक आचार्य होऊन गेले. शकांना घेऊन उज्जैनच्या गर्दभिल्लावर चालून जाणारे आणि बहीण सरस्वती साध्वीला सोडवणारे कालकाचार्य आणि हे चौथीचे, यांचा काळ एक करता करता जुन्या पंडितांचीही दमछाक झाली आहे. म्हणजे नाव कदाचित पुढे जोडलेले. दक्षिणेत राजा म्हटले की सातवाहन, असे.

पण कथा लिहिणाऱ्याला एक गोष्ट चांगली माहीत होती. पैठणच्या राजाला श्रावक करून टाकले तरी त्याच्या नगरातून इंद्राचा उत्सव काढून टाकता येत नाही. त्याने राजाला पूर्ण आपला करून दाखवला नाही. राजाचे एक पाऊल तिकडे आहे हे कथा लपवत नाही, आणि आचार्य त्याला तिकडचे पाऊल उचल असे म्हणत नाहीत. ते एक दिवस मागे सरकतात. मोबाइलवरच्या संदेशाने मात्र राणीला एका फटक्यात श्राविका केले आणि तिचे वीस ओळींचे यज्ञ गिळून टाकले. आणि तो संदेश मी वाचून दाखवला.

त्या कथेत बायकाही आहेत, हे फार जणींना माहीत नसते. राजा आपल्या अंतःपुरातल्या स्त्रियांना उपवास करायला आणि पारण्याच्या प्रतिपदेला साधूंना आहार द्यायला सांगतो, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात श्रमणपूजेचा उत्सव सुरू झाला असे चूर्णीकार म्हणतात. महाराष्ट्रातल्या बायकांच्या उपवासाची आठवण दोन्हीकडे राहिली, दगडावर एका राणीची आणि पोथीत बिननावाच्या अनेकींची. त्या एकच होत्या असे मी म्हणणार नाही.

वडिलांना मी आता काय सांगितले असते? बहुधा एवढेच, की तिथी राजासाठी बदलली नाही, राजाच्या शेजाऱ्यांसाठी बदलली. ते हसले असते. पंचमी सोडली नसती.

अडीचला उतरायला लागलो. चढण्यापेक्षा उतरणे वाईट, गुडघे विचारतात. नळीत एका पायरीवर मुलगी थांबली आणि म्हणाली, "म्हणजे हा लाव्हा, मग त्याच्यात पायऱ्या, मग पायऱ्यांजवळ आकडे. आणि सगळं आहे तिथेच." वाटाड्या तिला म्हणाला, "सगळं नाय. वरचे पापुद्रे दर पावसाळ्यात जातात." मी मागे वळून गुहेकडे पाहिले. लाव्हा गार होताना खडकाला चिरा पडतात, त्या चिरांतून पाणी झिरपते, आणि राणीच्या ओळींतले काही शब्द असेच गेले आहेत. ज्या कातळाने लेख इतकी वर्षे धरून ठेवला तोच तो सोडतोही आहे. आणि त्यात आपली माणसे हातांनी भर घालतात. कट्ट्याजवळ कोणी खडूने आपले आणि तिचे नाव लिहून ठेवले होते. वाटाड्याने ओल्या फडक्याने ते पुसले, लेखाच्या अक्षरांना हात न लावता. तो म्हणाला, दर रविवारी पुसतो.

चौविहारासाठी टोकावड्याच्या पुढे गाडी बाजूला घेतली. सूर्य माळावर टेकला होता. उरलेल्या पुऱ्या, गूळ, आणि बाटलीतले शेवटचे पाणी.

पुढच्या महिन्याच्या मंडळात मी उभी राहून सांगितले की पर्युषणात मी बोलले त्यातला अर्धा भाग बरोबर होता आणि अर्धा चुकीचा. राणीने महिन्याचे उपवास केले हे खरे. ती जैन होती असे लेखात कुठेही नाही, आणि दोन अश्वमेध आहेत. यावेळी टाळ्या पडल्या नाहीत. एक काकू नाराज झाल्या, म्हणाल्या, चांगलं होतं ते कशाला मोडलंस. एकीने विचारले, मग पालेला कसे जायचे?

सासूबाईंना घरी आल्याच रात्री सगळे सांगितले होते. त्या अंथरुणावर बसून माळ फिरवत होत्या. मासोपवासिनी हा शब्द त्यांनी दोनदा म्हणून पाहिला. यज्ञांचे ऐकून त्या गप्प राहिल्या. घोड्याचे ऐकून त्यांनी डोळे मिटले. मला वाटले आता त्या राणीला नापास करणार. त्यांनी माळ खाली ठेवली आणि विचारले,

"गाई किती दिल्या ते लिहिलंय. पारण्याला काय घेतलं ते लिहिलंय का?"

"नाही."

"तीस दिवसांनी पहिल्यांदा मुगाचं पाणी लागतं जिभेला," त्या म्हणाल्या. "ते लिहायला हवं होतं."